खोक्यावरचं नाव आणि चिपचा क्रमांक

हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉर्वाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केलं, की आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली आहे. तीच पुढे लिनक्स झाली. त्याच निवेदनात एक सावधगिरीची सूचनाही होती: एटी जातीच्या हार्डडिस्कशिवाय दुसरं काही हिला बहुधा कधीच चालणार नाही, कारण माझ्याकडे तेवढंच आहे. हे भाकीत साफ चुकलं. त्यामागचं कारण मात्र आजही जसंच्या तसं लागू आहे. कुठल्याही सुट्या भागाचा ड्रायव्हर लिहिला जातो, कारण तो भाग कुणाच्या तरी टेबलावर असतो, त्याला तो चालवून घ्यायचा असतो आणि त्याच्यापाशी त्यासाठी वेळ असतो किंवा त्या वेळेचे पैसे त्याला कुणीतरी देत असतं. घरच्या सर्व्हरसाठी ड्रायव्हर शोधायला निघालेला माणूस खरं तर अशा कुणाला तरी शोधत असतो. तो सापडला नाही, तर कितीही महागाचं कार्ड घेतलेलं असो, ते खाचेत नुसतं बसून राहतं.

घरचा सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. घरातल्या सगळ्यांचे फोटो एका जागी ठेवणारा, सिनेमे टीव्हीवर पोचवणारा, लॅपटॉपचा बॅकअप घेणारा, जमलंच तर प्रिंटर सगळ्यांना वाटून देणारा, कपाटावर नाहीतर माळ्यावर चोवीस तास चालू असलेला एक संगणक. लॅपटॉपमध्ये आणि त्याच्यात महत्त्वाचा फरक एवढाच, की त्याला बहुधा पडदा नसतो आणि कीबोर्डही नसतो. लॅपटॉपचं वाय-फाय बिघडलं तर समोर पडदा असतो, काहीतरी खटपट करता येते. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बोलेनासं झालं, की त्याच्यापर्यंत पोचायची एकुलती एक वाट बंद होते. म्हणून लॅपटॉपवर चालून जाणारा ‘बराचसा चालतो’ हा शेरा इथे चालत नाही.

ड्रायव्हर नेमकं करतो काय? नेटवर्क कार्डाचंच घेऊ. तारेवरून माहितीचं पाकीट आलं, की कार्ड ते प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत नेऊन ठेवतं आणि मग ‘आलंय, बघा’ अशी सूचना देतं. पण मेमरीत कुठे ठेवायचं, किती पाकिटं साठल्यावर सूचना द्यायची, जागा संपली तर काय करायचं, हे सगळं कार्डाला कुणीतरी आधी सांगितलेलं असावं लागतं. हे सांगणं म्हणजे कार्डावरच्या रजिस्टर नावाच्या चिमुकल्या कप्प्यांत ठरावीक आकडे लिहिणं. कुठल्या कप्प्यात कुठला आकडा लिहिला की काय होतं, हे चिप बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं आणि दोन कंपन्यांचं ते एकसारखं नसतं. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन चिपांचंही नसतं. ड्रायव्हरमध्ये हे सारं ज्ञान असतं. चिप बनवणाऱ्याने ते कागदपत्रांतून उघड केलं तर कुणीही ड्रायव्हर लिहू शकतो. नाही केलं, तर चालू ड्रायव्हर चिपशी काय बोलतो ते ऐकून ऐकून अर्थ लावत बसावं लागतं. असं करणारी माणसंही जगात आहेत आणि आपले बरेच ड्रायव्हर त्यांच्या चिकाटीमुळे आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण बाजारातून विकत घेतो ते खोकं, आणि ड्रायव्हर असतो तो आतल्या चिपचा. या दोहोंचं नातं फार सैल असतं. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन नावाचं यूएसबी वाय-फाय उपकरण हे याचं प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती. लिनक्समध्ये तिचा उत्तम ड्रायव्हर होता, त्यामुळे ते उपकरण जाणकारांत इतकं नावाजलं गेलं की जो तो तेच घ्या म्हणून सांगू लागला. मग दुसरी आवृत्ती आली. नाव तेच आणि रूपही जवळपास तेच, पण आत चिप रिअलटेकची. म्हणजे निराळा ड्रायव्हर आणि निराळीच कटकट. पहिल्या आवृत्तीची कीर्ती वाचून लोक दुसरी घेत राहिले. यात कंपनीने फसवलं असंही म्हणता येत नाही, कारण खोक्यावर बारीक अक्षरात आवृत्तीचा क्रमांक छापलेला असतो. विंडोजवाल्या गिऱ्हाइकाला फरक पडत नव्हता, आणि कंपनीचं गिऱ्हाईक तोच होता.

म्हणून खोक्यावरचं नाव विसरायचं आणि चिपचा ओळखक्रमांक पकडायचा. १९९२मध्ये इंटेलने पीसीआय ही जोडणीची पद्धत आणली, त्याआधी हे इतकं सोपं नव्हतं. कार्डावरच्या बारीक पिना हलवून त्याचा पत्ता ठरवावा लागे आणि तोच पत्ता ड्रायव्हरला हाताने कळवावा लागे. पीसीआयमध्ये प्रत्येक उपकरणाने स्वतःची ओळख स्वतःच सांगायची असा नियम झाला. ओळख म्हणजे सोळा-सोळा बिटांचे दोन आकडे, पहिला उत्पादकाचा आणि दुसरा त्या चिपचा. उत्पादकांचे आकडे पीसीआयची प्रमाणं ठरवणारी संघटना वाटते. इंटेलचा आकडा आहे ८०८६, तिच्या १९७८च्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावावरून घेतलेला. यूएसबीच्या जगातही अशीच जोडी असते आणि तिथे इंटेलने ८०८७ घेतला, म्हणजे त्याच प्रोसेसरच्या जोडीला येणाऱ्या गणिती चिपचा आकडा. अभियंत्यांना विनोद करायला एवढीशी जागा पुरते. रिअलटेकचा आकडा १०ईसी. त्या कंपनीचा सरळपणा असा, की पुढचा आकडा पुष्कळदा चिपच्या नावातलाच असतो: १०ईसी:८१६८ म्हटलं की ८१६८, १०ईसी:८१२५ म्हटलं की ८१२५. हा क्रमांक त्या एका नगाचा नसून संपूर्ण जातीचा असतो, हे मात्र लक्षात ठेवायचं. पुण्यातल्या आणि पोर्तुगालमधल्या कार्डांचा क्रमांक एकच असेल, तर दोघांना ड्रायव्हरही तोच लागणार.

लिनक्सवर हे आकडे ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने दिसतात. तिला ‘-एनएन’ जोडलं की नावासोबत क्रमांक येतात, ‘-के’ जोडलं की कुठला ड्रायव्हर सध्या ते उपकरण सांभाळतो आहे ते कळतं. यूएसबीसाठी ‘एलएसयूएसबी’. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडून त्या उपकरणाच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ पाहायचं. पीसीआय उपकरण असेल तर तिथे ‘व्हीईएन’ आणि ‘डीईव्ही’ या दोन अक्षरगटांपुढे तेच दोन आकडे असतात. उपकरणासमोर पिवळं उद्गारचिन्ह असलं आणि नाव नुसतं ‘अननोन’ असलं, तरी आकडे दिसतातच. ज्याच्याजवळ आकडे आहेत त्याला ड्रायव्हर शोधून देण्याचं आमिष दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरांची गरज नाही. ती सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा ड्रायव्हरपेक्षा जाहिरातीच जास्त आणतात.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, हे आकडे कसे वापरतो ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक ड्रायव्हरच्या आत, मी अमुक अमुक क्रमांकांची उपकरणं सांभाळतो, अशी यादी असते. या सगळ्या याद्या एकत्र करून ‘मॉड्यूल्स डॉट एलियस’ नावाची एक मोठी साधी मजकुराची फाइल तयार होते. संगणक सुरू होताना उपकरण आपला क्रमांक सांगतं, तो या फाइलीत सापडला की त्याच्यासमोरचा ड्रायव्हर मेमरीत येतो. जादू एवढीच. त्यामुळे ‘माझं कार्ड चालेल का?’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर त्या फाइलीत क्रमांक शोधून मिळतं आणि त्याला मिनिटभरही लागत नाही. अट एकच: जो कर्नल आपण बसवणार आहोत त्याचीच फाइल पाहायची.

ही अट बरीच माणसं विसरतात. ‘लिनक्सवर चालतं’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या कर्नलपासून चालतं, हे त्यात हवं. रिअलटेकच्या ८१२५ चिपचं उदाहरण घ्या. आज स्वस्तातल्या मदरबोर्डांवर २.५ गिगाबिटचं नेटवर्क दिसलं की बहुधा हीच चिप असते. लिनक्समधल्या ‘आर८१६९’ या ड्रायव्हरने तिला आपल्या यादीत घेतलं ते कर्नल ५.४मध्ये, म्हणजे २०१९च्या अखेरीस. त्याच वर्षीच्या जुलैत आलेल्या डेबियन १० या लिनक्सच्या वितरणात कर्नल होता ४.१९. डेबियनचा स्थिर आवृत्तीचा शिरस्ता असा, की एकदा धरलेला कर्नल शेवटपर्यंत सांभाळायचा. सर्व्हरसाठी लोक डेबियन निवडतात ते याच स्थिरपणासाठी. मग होतं असं: नवा कोरा मदरबोर्ड, स्थिर म्हणून नावाजलेलं डेबियन, आणि नेटवर्क कार्डच दिसत नाही. दोन चांगल्या निवडी, पण एकमेकींना न जुळणाऱ्या. डेबियन १२मध्ये कर्नल ६.१ आला आणि १३मध्ये ६.१२, त्यामुळे या विशिष्ट चिपचा प्रश्न आता जुना झाला. पण दरवर्षी कुठली ना कुठली नवी चिप त्याच जागी उभी असते. माझं मत विचाराल तर सर्व्हरसाठी बाजारात आलेला सर्वांत नवा मदरबोर्ड घेऊ नये. दोन-तीन वर्षं जुना घ्यावा. तोवर तो कुणाच्या तरी टेबलावर पोचलेला असतो.

नेटवर्क कार्ड दिसत नाही आणि ड्रायव्हर उतरवायला नेटवर्कच हवं, या पेचात सापडलेल्यांसाठी एक साधा उपाय. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडायचा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. संगणकाला तो फोन यूएसबीवरचं नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये कित्येक वर्षं आहे. नवा कर्नल उतरवण्यापुरतं हे पुष्कळ झालं.

नेटवर्क कार्डांवर जरा रेंगाळायला हवं, कारण घरच्या सर्व्हरच्या ड्रायव्हरांतली अर्धी डोकेदुखी इथेच असते. लिनक्सचे सुरुवातीचे पुष्कळसे नेटवर्क ड्रायव्हर एका माणसाने लिहिले, डोनाल्ड बेकर. तो नासाच्या गोडार्ड अवकाश केंद्रात काम करत होता. १९९४मध्ये त्याने आणि थॉमस स्टर्लिंगने बाजारात मिळणारे साधे सोळा संगणक इथरनेटने जोडून त्यांच्याकडून महासंगणकाचं काम करून घेतलं. ‘बेओवुल्फ’ हे त्या जोडणीचं नाव. स्वस्त कार्डं एकत्र चालवायची तर त्यांचे ड्रायव्हर हवेत, म्हणून बेकरने ते लिहिले, आणि लिहिले ते सगळ्यांसाठी खुले ठेवले. नासाला स्वस्त महासंगणक हवा होता, त्याचा फायदा जगभरच्या हौशी मंडळींना झाला.

स्वस्त कार्डांचा राजा म्हणजे रिअलटेक. तिच्या जुन्या ८१३९ चिपबद्दल फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरच्या लेखकाने ड्रायव्हरच्याच मजकुरात एक टीप लिहून ठेवली आहे. हलक्या प्रतीची व्याख्या या चिपने नव्याने केली, अशा अर्थाची. प्रत्येक पाकीट मेमरीत एका जागेवरून दुसऱ्या जागी उचलून ठेवण्याचं काम ती प्रोसेसरच्या गळ्यात मारायची, याचा त्याला राग. पुढच्या रिअलटेक चिपा पुष्कळ सुधारल्या आणि लिनक्सवर आज त्या बऱ्या चालतात. फ्रीबीएसडीवर मात्र इंटेलचीच कार्डं घ्या हा सल्ला अजून ऐकू येतो. फ्रीबीएसडीवर बेतलेलं पीएफसेन्स किंवा जुनं फ्रीनॅस वापरणाऱ्यांना तो पाठ असतो.

इंटेलकडे कारभार जरा नीटनेटका. ड्रायव्हर कंपनीचेच अभियंते लिहितात आणि थेट कर्नलमध्ये देतात: आय२१०, आय२११, आय३५० यांना ‘आयजीबी’; ऑफिसातल्या संगणकांवर सर्रास आढळणाऱ्या आय२१९ला ‘ई१०००ई’; २.५ गिगाबिटच्या आय२२५ला ‘आयजीसी’. दहा गिगाबिटच्या एक्स५४०ला ‘आयएक्सजीबीई’. पण इंटेल म्हटलं की डोळे मिटावेत असंही नाही. आय२२५च्या पहिल्या चिपा २.५ गिगाबिटच्या वेगाला काही स्विचांशी नीट जुळत नव्हत्या. दोष चिपमध्येच असल्याने ड्रायव्हर बदलून उपयोग नव्हता, पुढच्या आवृत्तीची चिपच घ्यावी लागली. आणि आय२१९वर भार आला की ‘हार्डवेअर युनिट हँग’ अशी नोंद टाकून कार्ड गप्प होतं, ही एका संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणारं प्रॉक्समॉक्स वापरणाऱ्यांची जुनी तक्रार. त्यावर ‘ईथटूल’ने कार्डाकडे सोपवलेलं पाकिटं तोडण्याचं काम काढून घ्यायचं आणि प्रोसेसरला द्यायचं, हा उतारा बहुधा लागू पडतो.

आभासी संगणक चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयची तऱ्हा आणखी वेगळी. ते कारखान्यांसाठी आणि कचेऱ्यांसाठी बनलेलं, त्यामुळे त्याच्याकडे चालणाऱ्या उपकरणांची अधिकृत यादी असते आणि यादीबाहेर जो आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याच्या ५.५ आवृत्तीतून रिअलटेकचे ड्रायव्हर वगळले गेले. हौशी लोक ते मागच्या दाराने आत घालत राहिले. २०२०मध्ये ७.० आवृत्ती आली आणि लिनक्सचे ड्रायव्हर उसने घ्यायचा जुना थरच तिने काढून टाकला, तेव्हा ते दारही बंद झालं. घरी सर्व्हर चालवणारी बरीच मंडळी त्यानंतर प्रॉक्समॉक्सकडे वळली. त्याच्या मुळाशी डेबियन आणि लिनक्सचा कर्नल आहे, म्हणजे ड्रायव्हरांची यादी आपोआप लांबलचक.

क्रमांक यादीत सापडला, ड्रायव्हर आला, तरी उपकरण हलत नाही असं झालं तर संशय फर्मवेअरवर घ्यायचा. आजकालच्या चिपांच्या पोटात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला चालायला स्वतःचा प्रोग्राम लागतो. खर्च वाचवायला तो चिपमध्ये कायमचा न साठवता दर वेळी ड्रायव्हरने तिला भरवायचा, अशी रचना असते. हा प्रोग्राम कंपनीचा आणि बंदिस्त असतो, त्याचा मूळ मजकूर मिळत नाही. डेबियनच्या तत्त्वात हे बसत नव्हतं, म्हणून २०११च्या डेबियन ६पासून असं फर्मवेअर कर्नलमधून काढून वेगळं ठेवलं गेलं. तत्त्व म्हणून आदर वाटतो, पण परिणाम असा की ब्रॉडकॉमचं नेटवर्क असलेल्या जुन्या सर्व्हरवर डेबियन बसवायला घेतलं, की ते मध्येच थांबून फर्मवेअरची फाइल पेनड्राइव्हवरून द्या म्हणायचं. शेवटी २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान घेतलं, आणि जून २०२३च्या डेबियन १२पासून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरबरोबरच येऊ लागलं. फर्मवेअर मिळालं नाही, तर ‘डीमेसेज’ या आज्ञेच्या नोंदींत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, हव्या असलेल्या फाइलीच्या नावासकट. ती नोंद न वाचता रात्रभर ड्रायव्हर बदलत बसणारे पुष्कळ.

डिस्क जोडण्याच्या कार्डांत घरच्या सर्व्हरवाल्यांची लाडकी आहे एलएसआयची एसएएस२००८ ही चिप, म्हणजे ९२११-८आय हे कार्ड आणि त्याची आयबीएम, डेल या नावांनी विकली गेलेली भावंडं. कंपन्यांच्या सर्व्हरांतून निघालेली ही कार्डं जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात आणि आठ डिस्क जोडतात. इथे ड्रायव्हरइतकंच कार्डावरचं फर्मवेअर महत्त्वाचं. ‘आयआर’ प्रकारचं असेल तर कार्ड स्वतः रेडचा, म्हणजे अनेक डिस्का एकत्र बांधण्याचा, संसार मांडतं. ‘आयटी’ प्रकारचं असेल तर डिस्का आहेत तशा पुढे करतं. डिस्कांचा कारभार स्वतः पाहणारी झेडएफएस ही फाइलव्यवस्था वापरणाऱ्याला डिस्क उघडी दिसायला हवी, तिची प्रकृती थेट तपासता यायला हवी, म्हणून त्याला आयटी हवं.

या चिपची खरी कथा पुढची आहे. रेड हॅट या कंपनीने २०१९मध्ये आपलं एंटरप्राइझ लिनक्स ८ आणलं, तेव्हा बऱ्याच जुन्या कंट्रोलरांचा पाठिंबा काढून घेतला. त्यात एसएएस२००८ही होती. गंमत अशी, की ‘एमपीटी३एसएएस’ हा ड्रायव्हर त्यात होताच, नव्या चिपा तो चालवत होता. काढला होता तो फक्त यादीतला क्रमांक. त्या क्रमांकाची जबाबदारी आता आम्ही घेणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. मूळ लिनक्समध्ये तोच ड्रायव्हर तीच चिप बिनतक्रार चालवतो. रेड हॅटवरून बेतलेल्या वितरणांच्या वापरकर्त्यांसाठी ईएलरेपो या स्वयंसेवकांच्या भांडाराने क्रमांक परत घातलेला ड्रायव्हर पुरवला, आणि त्या वितरणांपैकीच अल्मालिनक्सने २०२४च्या ९.४ आवृत्तीत असे बरेच वगळलेले क्रमांक स्वतःच पुन्हा चालू केले. चिप तीच आणि ड्रायव्हरही तोच; चालणं न चालणं ठरलं ते कंपनीच्या धोरणावर.

विंडोजवरही हाच खेळ वेगळ्या कपड्यांत चालतो. घरगुती मदरबोर्डावर इंटेलची आय२१९-व्ही ही चिप असते, कचेरीतल्या संगणकांवर आय२१९-एलएम. दोन्ही जवळजवळ जुळ्या. पण विंडोज सर्व्हर बसवलं, तर इंटेलचा ड्रायव्हर एलएमला घेतो आणि व्हीला नाकारतो. ड्रायव्हरसोबतच्या ‘आयएनएफ’ या मजकुराच्या फाइलीत कुठल्या विंडोजला कुठले क्रमांक चालतील ते लिहिलेलं असतं, आणि सर्व्हरच्या विभागात व्हीचा क्रमांक घातलेलाच नसतो. ती ओळ हाताने घालता येते, पण फाइलीला हात लागला की तिच्यावरची डिजिटल सही बाद होते, आणि ६४ बिटांचं विंडोज सहीविना ड्रायव्हर आत घेत नाही. मग सहीची तपासणी तात्पुरती बंद करा वगैरे द्राविडी प्राणायाम. बिल गेट्सने जानेवारी २००७मध्ये मोठ्या हौसेने जाहीर केलेल्या विंडोज होम सर्व्हरची अडचणही या जातीची होती. वरून ते घरगुती दिसे, पण आत विंडोज सर्व्हर २००३, आणि घरगुती मदरबोर्ड बनवणारे ड्रायव्हर देत ते एक्सपीचे. पुष्कळदा ते चालून जात. २०११ची आवृत्ती निव्वळ ६४ बिटांची झाली आणि जुन्या ३२ बिटांच्या ड्रायव्हरांचा मार्गच संपला.

कर्नलमध्ये ड्रायव्हर नाही, पण कंपनीच्या संकेतस्थळावर लिनक्सचा ड्रायव्हर आहे, असं दिसलं की नवशिक्याला हायसं वाटतं. मला नाही वाटत. लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हरांना जोडणारे आतले सांधे कधीही बदलू शकतात आणि हे धोरण जाणूनबुजून ठेवलेलं आहे. ग्रेग क्रोह-हार्टमन या कर्नलच्या ज्येष्ठ सांभाळकर्त्याने त्याच्या समर्थनार्थ कर्नलच्या कागदपत्रांतच एक टिपण लिहिलं आहे. कर्नलच्या आतला ड्रायव्हर असेल, तर सांधा बदलणारा माणूस ड्रायव्हरही बदलतो. बाहेरचा असेल तर तो मागे पडतो. डेलच्या अभियंत्यांनी २००३मध्ये ‘डीकेएमएस’ ही सोय केली. दर नव्या कर्नलबरोबर बाहेरचा ड्रायव्हर ती नव्याने बांधून घेते. चाललं तर छान. पण कधीतरी कर्नल पुढे जातो, ड्रायव्हरचा मजकूर जुना पडतो, बांधणी फसते, आणि अद्ययावत होऊन पुन्हा सुरू झालेला सर्व्हर नेटवर्कविना उभा राहतो. सिक्युअर बूट चालू असेल तर अशा ड्रायव्हरवर स्वतःची सही करून ती चावी संगणकाला ओळखायला लावावी लागते, ते निराळंच. क्रोह-हार्टमनने २००७मध्ये कंपन्यांना जाहीर आवाहन केलं होतं: तुमच्या चिपची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो. तरीही काही कंपन्यांना आपला ड्रायव्हर बाहेरच ठेवावासा वाटतो. त्यांच्याकडून सर्व्हरचं सामान घेऊ नये, हे माझं सरळ मत.

यूएसबीवरून डिस्क जोडणाऱ्या डब्यांचा त्रास वेगळा. ड्रायव्हर असतो, पण डब्यातली चिप सांगते एक आणि करते दुसरं. यूएएसपी ही वेगवान पद्धत मला येते असं ती म्हणते आणि भार आला की अडखळते. रास्पबेरी पाय ४ या चिमुकल्या संगणकावर सर्व्हर उभारणाऱ्यांना जेमायक्रॉनच्या १५२डी:०५७८ या क्रमांकाच्या चिपने असाच अनुभव दिला. कर्नलमध्ये अशा खोडकर क्रमांकांसाठी ‘क्वर्क्स’ नावाची सोय आहे. अमुक क्रमांकाशी जुन्या, सावकाश पद्धतीनेच बोल, असं त्यात सांगून ठेवता येतं. वेग थोडा जातो, पण डिस्क टिकते.

आणि प्रिंटर. महाराष्ट्रातलं कुठलंही झेरॉक्सचं दुकान, वकिलाची कचेरी किंवा डीटीपीचं टेबल पाहा, तिथे कॅननची एलबीपी २९०० किंवा एचपीची लेझरजेट १०२० हटकून सापडते. दोन्ही दणकट आणि दोन्ही घरच्या सर्व्हरला छळणाऱ्या. पान रचायचं काम त्या स्वतः करत नाहीत, संगणकाकडून करवून घेतात, आणि संगणकाशी बोलतात ती भाषा त्यांच्या कंपनीची खासगी. १०२०ला तर दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअर भरवावं लागतं. लिनक्सवर ते काम ‘फू२झेडजेएस’ हा स्वयंसेवकांचा ड्रायव्हर किंवा एचपीच्या पॅकेजमधली बंदिस्त जोडणी करते. कॅननने २९००साठी लिनक्सचा ड्रायव्हर दिला खरा, पण तो इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरांपुरता. रास्पबेरी पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा, म्हणजे तिथे तो निरुपयोगी. तो प्रिंटर पायवर चालवायचा, तर खासगी भाषेचा छडा लावून स्वयंसेवकांनी लिहिलेल्या खुल्या ड्रायव्हरकडे जावं लागतं. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन चिडला तोही लेझर प्रिंटरवरून. झेरॉक्सने दिलेल्या प्रिंटरच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर त्याला हवा होता, कागद अडकला की सगळ्यांना कळावं अशी सोय करण्यासाठी. तो मिळाला नाही. सप्टेंबर १९८३मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्याच्या आधीच्या रागांत हा एक होता. आजचे नवे नेटवर्क प्रिंटर आयपीपी या प्रमाण भाषेत बोलतात आणि त्यांना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. सर्व्हरसाठी प्रिंटर नव्याने घेणार असाल तर एवढं एक पाहून घ्या, बाकी रंगरूप काहीही असो.

उरला खरेदीचा प्रश्न. घरच्या सर्व्हरसाठी सर्वांत बिनघोर सामान म्हणजे कंपन्यांतून बदलून निघालेले ऑफिसचे छोटे संगणक: डेलचे ऑप्टिप्लेक्स, लेनोवोचे थिंकसेंटर, एचपीचे एलिटडेस्क. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे जुने संगणक विकणारी दुकानं आहेत. हजारो कचेऱ्यांतून हे संगणक वर्षानुवर्षं चाललेले असतात, त्यांतल्या चिपा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्याही टेबलावर कधीच येऊन गेलेल्या असतात. दुकानात जाताना डेबियनचा किंवा उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात असू द्या, आणि तो आपण बसवणार आहोत त्याच आवृत्तीचा असू द्या. संगणक त्याच्यावरून सुरू करून ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवायचं आणि प्रत्येक उपकरणाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे ना ते पाहायचं. नेटवर्क आणि डिस्कचा कंट्रोलर यांच्याखाली ती नसेल तर सौदा सोडायचा. आवाजाच्या चिपखाली नसेल तर सर्व्हरला काय फरक पडतो? व्हिडिओचं रूपांतर करायला जेलीफिनसारखं काही चालवायचं असेल, तर ग्राफिक्सखाली ‘आय९१५’ किंवा तिथे शोभेल तो ड्रायव्हर हवा; इंटेलचं स्वतंत्र आर्क कार्ड असेल तर कर्नल निदान ६.२ हवा. मग ‘डीमेसेज’मध्ये ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधायचा. नेटवर्कची तार लावून वेग किती दाखवतो ते बघायचं. एवढ्याला दहा मिनिटं पुरतात.

दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल, तर त्याच्याच चालू विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून हार्डवेअर आयडीचा मोबाइलवर फोटो घ्या. दूरवरून मागवत असाल तर तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. देणारा देतो. ‘साहेब, सगळं चालतं, गॅरंटी आहे’ एवढंच उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.